बुधाजीने पोवळ्यासाठी ट्यूब आणली

खाडीच्या काठाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं चिडतात. त्या गावात एक भोळा गिरणीवाला होता, बुधाजी. गिरणीत तांदूळ टाकले की तांदळाचं पीठ, नाचणी टाकली की नाचणीचं. बुधाजीचं डोकंही तसंच. कानात जे पडेल ते तसंच्या तसं बाहेर यायचं.

त्याची बायको प्रमिला अंगणवाडीत शिकवायची. तिचा धाकटा भाऊ जयवंत बोटीवर नोकरीला. जाताना तो आपली काचेची टाकी बहिणीकडे ठेवून गेला. टाकीत खारं पाणी, एक नारिंगी मासा आणि जिवंत पोवळं. छान गुलाबी, झाडासारख्या फांद्या फुटलेलं.

"ताई, हे माझं लेकरू आहे. सांभाळशील ना?"

"डोळ्यात तेल घालून सांभाळीन," प्रमिलाने शब्द दिला.

बुधाजी लगेच तेलाची बाटली घेऊन आला. ती तिने परत ठेवायला लावली.

पुढे टाकीवरच्या ट्यूबा गेल्या आणि पोवळं पांढरं पडायला लागलं. त्यातच जयवंताचा फोन, "ताई, सुट्टी मिळाली, दोन महिन्यांनी येतोय." प्रमिलाने धावाधाव सुरू केली. तालुक्याला शोभेचे मासे विकणारे पेडणेकर होते, त्यांना तिने विचारलं.

"वहिनी, ते भारीतले दिवे परवडायचे नाहीत," पेडणेकर म्हणाले. "ट्यूबलाइटवरही पोवळं जगतं. एक पांढरी, एक निळी. चार फुटी घ्या. समोरच्या विजेच्या दुकानात मिळतील."

प्रमिलाला अंगणवाडी सुटेना. तिने बुधाजीला धाडलं. "अहो, दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यावर अडून बसा. वर चढू नका."

बुधाजी गेला.

"चार फुटी ना?" दुकानदाराने विचारलं.

"निम्मं करा."

"म्हणजे दोन फुटी?"

"आता कसं बोललात!"

त्या ट्यूबा टाकीवर ठेवल्या. अर्ध्या टाकीत लखलखाट, तिथे मासा मजेत. अर्ध्या टाकीत अंधार, तिथे पोवळं. प्रमिलाने कपाळावर हात मारला. "अहो, निम्मं भावात करायचं, मापात नाही! जा, पूर्ण मापाच्या आणा. आणि पेटलेली बघून घ्या. न पेटलेली अजिबात घेऊ नका."

"असं होय! आता ध्यानात ठेवतो," बुधाजी म्हणाला.

दुकानदाराने कोरी ट्यूब पुढे केली. बुधाजीने मान हलवली. "ही पेटलेली नाही."

"लावून दाखवतो की."

"कशाला? ती बघा, पेटलेली आहे." बुधाजीने छताकडे बोट दाखवलं. दुकानाची स्वतःची ट्यूब होती ती. दोन्ही टोकं काळी, वर पालीची घाण. दुकानदाराने भराभर स्टुलावर चढून ती काढली आणि निम्म्या भावात दिली. वर बुधाजीला चहाही पाजला. असं गिऱ्हाईक रोज थोडंच येतं!

घरी पेडणेकर मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि हसू दाबलं. "बुधाजीराव, आपल्या डोळ्यांना उजेड दिसतो, पण पोवळ्याला लागतो तो यात उरलेला नाही. वर्ष झालं की चालत असलं तरी काढून टाकायचं आणि नवं आणायचं."

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

या खेपेला त्याने कोऱ्या ट्यूबा आणल्या. एक पांढरी, एक निळी, मापाच्या. प्रमिलाला रडूच आलं आनंदाने. डोळे पुसत ती जेवायला बसली आणि म्हणाली, "जरा लोणचं वाढा हो."

"टाकलं."

"काय टाकलं?"

"वर्ष झालं होतं. चालत होतं, पण काढून टाकलं. बरणीत नव्या कैऱ्या घातल्यात."

प्रमिला ताट सारून उठली. मुरलेलं लोणचं गेलं की माणसाची भूकच जाते.

पेडणेकरांनी ट्यूबा बसवल्या आणि बुधाजीला जवळ बसवून समजावलं. "पांढरं पडलं की समजायचं, उजेडाची भूक आहे. ट्यूब वीतभर वर ठेवायची. खारं पाणी कमी पडू द्यायचं नाही. हात लावायचा नाही, हलू द्यायचं नाही. मग रंग येतो."

आणि काय सांगू, बुधाजीने सगळं अगदी तसंच केलं! पोवळं पुन्हा गुलाबी व्हायला लागलं. प्रमिलाला लोणच्याचाही विसर पडला. "आता जयवंत आला की आधी त्याला हेच दाखवायचं," ती म्हणाली.

जयवंत दुपारी आला. बोट लागून उलट्या झालेल्या, रात्रभर प्रवास, पोटात अन्न नाही. टाकीकडे न बघताच तो कॉटवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

"अगं बाई! किती पांढरा पडलाय हा!" प्रमिला हळहळली. "अहो, मी पेज टाकते. तोवर याच्याकडे बघा."

बुधाजीने बघितलं. खरंच पांढरा पडला होता. आणि पांढरं पडलं की काय करायचं, हे या गावात बुधाजीइतकं कोणाला ठाऊक?

त्याने खिडक्या लावल्या. टाकीवरच्या ट्यूबा काढून मेहुण्याच्या तोंडावर वीतभर उंच टांगल्या. हलू नये म्हणून त्याला गिरणीच्या जुन्या पट्ट्याने कॉटला बांधलं. मग मिठाचं पाणी कालवलं आणि पायांपासून तोंडापर्यंत तांब्याने घालायला सुरुवात केली.

जयवंताच्या नाकात खारं पाणी गेलं. डोळे उघडले तर वर सगळं निळं!

"बुडालो! बोट बुडाली!" तो कॉटसकट उसळला. ट्यूबा भिंतीवर आपटून फट् फट् फुटल्या. प्रमिला पेजेची पळी घेऊन धावत आली आणि तिने खिडकी उघडली.

टाकीत पोवळं गुलाबी होतं. पण ते बघतो कोण? जयवंत भिजलेला, कॉट पाठीवर, रागाने कानापर्यंत लालबुंद.

"भावोजी!!"

बुधाजीने मेहुण्याला खालून वर न्याहाळलं आणि समाधानाने तांब्या खाली ठेवला.

"बघ प्रमिले, पोवळ्याला महिना लागला. तुझ्या भावाला लगेच आला रंग!"