चुंदीची चमचमती घंटी

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंदी. चुंदी एवढीशी, डोळे बारीक, नाक मात्र हे लांब! चुंदीची होती एक सायकल. सायकलला होती पितळेची घंटी. ट्रिंग ट्रिंग!

आज होता दसरा. आईनं आणि चुंदीनं सायकल धुतली. घंटी काढली, चिंचेनं घासली. खसाखसा, खसाखसा! घंटी अशी चमकली, अशी चमकली, की काही विचारू नका. चुंदीनं ती दगडावर वाळत ठेवली. मग गेली झेंडूचा हार आणायला.

आली तर काय? घंटी नाही!

चुंदीचं तोंड एवढंसं झालं. आपट्याची पानं तयार होती. मावशीला सोनं द्यायला जायचं होतं. मावशीचं घर लांब. अंधार पडायच्या आत पोचायला हवं.

आई म्हणाली, "रस्त्याला वळण आहे ना बाळा? वळणापलीकडचं दिसत नाही. घंटी नाही, तर सायकल रस्त्यावर नाही."

इतक्यात झाडावरून आवाज आला. काव काव! कावळ्याच्या पायाखाली काय? घंटी!

"कावळेदादा, कावळेदादा, घंटी दे. मग चुंदी जाईल मावशीकडे, हळू हळू, डावीकडून!"

कावळा म्हणाला, "काव काव! गोल गोल, पिवळी पिवळी, मला वाटली पुरी! सगळ्यांचा सण, माझं पोट रिकामं. पुरी आण, तर घंटी देईन."

बिचारा सकाळपासून उपाशी होता हो!

चुंदी निघाली. रस्त्याच्या कडेकडेनं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कढईताई, कढईताई, पुरी दे. पुरी कावळ्याला. कावळा देईल घंटी. मग चुंदी जाईल मावशीकडे, हळू हळू, डावीकडून!"

कढई म्हणाली, "चर्र चर्र! तेल तापलंय, पण तळू काय? कणीक आण, तर पुरी देईन."

चुंदी निघाली. रस्त्याच्या कडेकडेनं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"जातेआजोबा, जातेआजोबा, कणीक दे. कणीक कढईला. कढई देईल पुरी. पुरी कावळ्याला. कावळा देईल घंटी. मग चुंदी जाईल मावशीकडे, हळू हळू, डावीकडून!"

जातं म्हणालं, "घर्र घर्र! नुसतं फिरून काय होतं गं पोरी? गहू आण, तर कणीक देईन."

चुंदी निघाली. रस्त्याच्या कडेकडेनं. तुरुतुरु, तुरुतुरु. आता पाय दुखायला लागले. ऊन उतरायला लागलं.

"मुंगीबाई, मुंगीबाई, गहू दे. गहू जात्याला. जातं देईल कणीक. कणीक कढईला. कढई देईल पुरी. पुरी कावळ्याला. कावळा देईल घंटी. मग चुंदी जाईल मावशीकडे, हळू हळू, डावीकडून!"

मुंगीबाई रडवेली झाली होती. "गहू देईन गं, पण माझी पोरं रस्त्यापलीकडे अडकलीत. सायकली येतात सर्रर्र! कोणी थांबतच नाही. कोणाला तरी थांबव, तर गहू देईन."

चुंदीनं पाहिलं. इवल्या इवल्या मुंग्या, सगळ्या घाबरलेल्या. चुंदीला फार वाईट वाटलं. स्वतःची घंटी ती क्षणभर विसरलीच.

तिनं उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. पुन्हा उजवीकडे पाहिलं. अगंबाई! बोकडकाका आले सायकलवरून. सर्रर्र!

चुंदी कडेलाच उभी राहिली आणि ओरडली, "चूंऽऽ चूंऽऽ! काका, थांबा! खाली बघा, मुंग्या!"

बोकडकाकांनी ब्रेक दाबला. कच्च! "अरे देवा! मला दिसल्याच नाहीत की!"

मुंग्या निघाल्या. लगबग, लगबग! सगळ्या आल्या आईच्या कुशीत.

चुंदीचा घसा मात्र बसला. रोज रोज कोण ओरडणार? घंटीच हवी बाई!

मग काय! मुंगीबाईनं दिला गहू. टप टप टप!
गहू जात्याला. जात्यानं दिली कणीक. घर्र घर्र!
कणीक कढईला. कढईनं दिली पुरी. चर्रर्र, टम्म!
पुरी कावळ्याला. कावळ्यानं दिली घंटी. टण्ण!

"घे गं चुंदे," कावळा म्हणाला. त्याचं पोट भरलं होतं ना!

आईनं घंटी लावली. पक्की, घट्ट! चुंदी सायकलवर बसली. निघाली मावशीकडे, हळू हळू, डावीकडून.

आलं वळण. पलीकडचं काही दिसेना. चुंदीनं घंटी वाजवली.

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

वळणापलीकडे धावत होतं बदकाचं पिल्लू. रस्त्यावर चेंडू, चेंडूमागे पिल्लू! घंटी ऐकली आणि पिल्लू जागच्या जागी थांबलं. चुंदीनंही ब्रेक दाबला. कच्च!

पिल्लू कडेला. चुंदी रस्त्यावर.

"तू वाजवलीस," पिल्लू म्हणालं, "म्हणून मी थांबलो."

चुंदीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! तिनं पिल्लाला हात केला आणि पुढे निघाली. उजेड होता तोवर पोचलीसुद्धा. मावशीनं आधी चुंदीला कुशीत घेतलं, मग सोनं घेतलं.

मावशीच्या दारात घंटी वाजली,
गोष्टीची सायकल स्टँडवर लागली!