दोघांची चूल

ओडसरीत तंत्रनिकेतनाचं कुंपण आणि मगदुमांची फाउंड्री यांच्या मधोमध एक दगडी चूल आहे. तिच्यावर कधी भात शिजला नाही की चहा उकळला नाही. पाहुणे तिला हटकून देवस्थान समजतात आणि चपला काढतात. काढू द्यावं, त्यात वावगं काही नाही.

सांगतात ते असं. फाउंड्री रत्नाप्पा मगदुमांची. माणूस दिलदार, पण राग नाकावर. टेंबे सरांनी शेजारी तंत्रनिकेतन काढलं, तेव्हा तिथली पोरं शिकाऊ म्हणून रत्नाप्पांच्या भट्टीवर येऊ लागली. पहिल्याच वर्षी गावातल्या चंपाक्काच्या लेकानं, भाऊसोनं, लोखंडाचा रस घ्यायला लॅडल पुढं केलं. भांडं ओलसर होतं. ओलाव्याला रस लागला की उसळतो. पोराचा उजवा हात भाजला.

रत्नाप्पा म्हणाले, भांडं कोरडं करून घ्यावं एवढंही कॉलेजनं शिकवू नये? सर म्हणाले, ते तर कारखान्याचं काम. झालं, दोघांचं बोलणंच बंद पडलं. त्या संतापात रत्नाप्पांनी भट्टीसमोर शपथ घेतली म्हणे, की यापुढं शिकाऊ पोर इथं उभं राहणार नाही.

शपथ पाळली, पण ती महागात पडली. जुने कारागीर थकले, त्यांच्या हाताखाली तयार होणारं कुणी उरलं नाही. साखर कारखान्यांची कामं परत जाऊ लागली. कॉलेजातली पोरं फळ्यावरच लोखंड वितळवून घरी जात. भट्टी विझणार हे रत्नाप्पांना दिसत होतं, आणि भाऊसोचा हात डोळ्यांपुढून हलत नव्हता. शेवटी शपथेतून मोकळं करून घ्यायला ते चंपाक्काच्या दारी गेले. बघतात तर सर आधीच येऊन बसलेले. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून चहा घेतला.

चंपाक्का म्हणाली, "तुमी म्हनताय त्येंनी सांगायचं, त्ये म्हनत्यात तुमी. मग माज्या लेकराला सांगितलं कुनी?"

रत्नाप्पांची मान खाली गेली. "कुणीच न्हाई, अक्का. चुकलो आम्ही." सरही वळून रत्नाप्पांच्या शेजारी येऊन बसले.

"मग आता दोघं मिळून सांगा. समद्या आयांच्या देखत. पयला माजाच भाऊसो यील."

हात बरा झाल्यापासून भाऊसो भट्टीवर जायचा हट्ट धरून होता, आईच जीव मुठीत धरून त्याला अडवत होती. तिनंच त्याला पुढं करावं, हे ऐकून रत्नाप्पांना रडू आलं. मालक आणि मास्तर दोघांनी मिळून दगड रचले, जाळ केला, लॅडल तापवून कोरडं केलं आणि ते का करायचं हे पोरांना सांगितलं. पुढं भाऊसो त्याच फाउंड्रीचा मुख्य मिस्त्री झाला, असं म्हणतात.

आता भट्टी विजेवर चालते. पण आजही नवी तुकडी आली की मालक आणि प्राचार्य त्या चुलीपाशी उकिडवे बसतात आणि धुरानं डोळे चोळत लॅडल कोरडं करतात. हे काम शिपायावर ढकलता येत नाही. सभोवती आया उभ्या असतात. त्यांच्यातली कुणीतरी म्हणते, "सांगा." दोघं सांगतात. मगच आया पोरापोरींचे हात सोडतात.