ढवळीची घाई

फार मागं, कोल्ह्याने हंसीण उचलून नेली, तेव्हा तिची अंडी ढवळी नावाच्या खुडूक कोंबडीने मायेने पोटाखाली घेतली. एका सकाळी पहिल्या अंड्याला भोक पडलं, इवली चोच दिसली. मग दुपार कलली तरी पिल्लू बाहेर येईना.

“माझं असतं तर एव्हाना दाणे टिपत असतं!” ढवळी कासावीस झाली.

“हंसाचं पिल्लू आहे बाई, त्याला वेळ लागतो. आतल्या पापुद्र्यात अजून त्याचं रक्त आहे,” म्हातारी बदकीण म्हणाली.

“गुदमरलं म्हणजे? तुला काय जातंय बोलायला!” म्हणत ढवळीने टरफल सोललं. रक्ताची धार लागली. पिल्लू थरथरलं आणि निपचित पडलं.

शेजारच्या अंड्यातून बारीक आवाज आला, “आई, दादा का गप्प झाला?”

“झोपलाय,” ढवळी म्हणाली आणि तिने रक्ताळलेली चोच पंखात खुपसली.