तिळीचा दाणा आणि भुसभुशीत फट

ऐका हं! ही तिळी मुंगी. केवढी? तिळाएवढी! डोक्यावर काय? साखरेचा दाणा! आज वारुळात तिळीच्या भावाचं बारसं. साखरेशिवाय कसलं बारसं?

तिळी निघाली. तुरु तुरु तुरु. वाटेत मंजूकाकूच्या स्वयंपाकघरातली फरशी. अबब! केवढी ही फरशी! चकचकीत, चकचकीत, संपतच नाही. तिळी बघतच राहिली.

बघता बघता पाय घसरला. दोन फरशांमधलं सिमेंट झालं होतं भुसभुशीत. भुस्स! दाणा गेला फटीत. भुकटीखाली, खोल खोल.

"फटीताई, फटीताई, माझा दाणा दे!"

"मी नाही देणार. पोटात भुकटीच भुकटी! थापी भुकटी काढील, तर देईन."

तिळी गेली थापीकडे. तुरु तुरु तुरु. अबब! केवढी ही थापी!

"थापीताई, थापीताई, भुकटी काढ!
फट दाणा देईना.
मग बारसं कसं होणार?"

"मी नाही काढणार. मिस्त्रीमामा उचलील, तर काढीन."

फरशी नीट करायला आलेला मिस्त्रीमामा फुर्र फुर्र चहा पीत होता. अबब! केवढा हा मामा!

"मामा, मामा, थापी उचला!
थापी भुकटी काढीना,
फट दाणा देईना.
मग बारसं कसं होणार?"

"मी नाही उचलणार. नुसतं खरवडून काय उपयोग? फट पुन्हा भरायला नको? सिमेंट घट्ट होईल, तर उचलीन."

तिळी गेली सिमेंटकडे. तुरु तुरु तुरु. अबब! घमेल्यात पांढरा डोंगर!

"सिमेंटदादा, सिमेंटदादा, घट्ट हो!
मामा थापी उचलीना,
थापी भुकटी काढीना,
फट दाणा देईना.
मग बारसं कसं होणार?"

"मी नाही होणार. मागं काय झालं, ठाऊक आहे? वास्तुशांतीची घाई! मी फटीत अजून ओलाच, आणि फरशी धुवायला वरून बादल्याच बादल्या! भुगा झाला माझा. पाणी बेतानं येईल, तर होईन."

तिळी गेली पाण्याकडे. तुरु तुरु तुरु. अबब! केवढं हे पाणी! आत अख्खं छत दिसतंय!

"पाणीबाई, पाणीबाई, बेतानं ये!
सिमेंट घट्ट होईना,
मामा थापी उचलीना,
थापी भुकटी काढीना,
फट दाणा देईना.
मग बारसं कसं होणार?"

"मी नाही येणार. काकू वाटी घेईल, तर येईन."

तिळी गेली काकूकडे. तुरु तुरु तुरु. अबब! केवढी ही काकू! कडेवर बाळ.

"काकू, काकू, वाटी घ्या!
पाणी बेतानं येईना,
सिमेंट घट्ट होईना,
मामा थापी उचलीना,
थापी भुकटी काढीना,
फट दाणा देईना.
मग बारसं कसं होणार?"

"कशी घेऊ गं बाई? हात कुठे मोकळे आहेत? बाळ झोपेल, तर घेईन."

तिळी चढली बाळाच्या मुठीवर. अबब! केवढं हे रडं!

"बाळा, बाळा, झोप ना!
काकू वाटी घेईना,
पाणी बेतानं येईना,
सिमेंट घट्ट होईना,
मामा थापी उचलीना,
थापी भुकटी काढीना,
फट दाणा देईना.
मग बारसं कसं होणार?"

बाळ म्हणालं, "ट्यँहाँऽऽ!" त्याला बोलता कुठे येतं?

तिळीला रडूच आलं. पण घरी भाऊ रडला, की तिळी काय करते? गोल गोल पळते! तिळी मुठीवर पळाली. गोल गोल, गोल गोल.

बाळ गप्प. डोळे मोठ्ठे. एवढीशी मुंगी! एवढेसे पाय! "ओऽऽ!" म्हणालं बाळ. बघता बघता झोपलं की हो!

बाळ झोपलं, काकूनं वाटी घेतली.
पाणी आलं बेतानं, टुप टुप टुप.
सिमेंट झालं घट्ट, अगदी श्रीखंड!
मामानं थापी उचलली.
थापीनं भुकटी काढली, खर्र खर्र खर्र.
आणि फटीतून दाणा... टुणकन!

मामानं फट भरली, वर ओलं फडकं घातलं. "वहिनी, आता बादली नाही हं!"

"नाही बाई, कानाला खडा!" म्हणाली काकू.

तिळी घरी पळाली. आत्यानं तिळीच्या भावाच्या कानात केलं कुर्रर्र! नाव ठेवलं साखऱ्या. साखऱ्यानं कधी साखर पाहिलीच नव्हती. तिळीनं दाणा पुढे ठेवला.

साखऱ्याचे डोळे मोठ्ठे.

"ओऽऽ!"