आपोआप पुढे येणारी टॅब

"पण बाई, बटणं तर त्यांनीच दाबली ना?"

कॉम्प्युटर क्लासमध्ये शिरताच निनाद वैजयंतीबाईंना म्हणाला.

निनाद त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे त्याला कुणी सांगायची गरज नसे. गावातल्या रक्ततपासणीच्या लॅबसाठी त्याने एकट्याने प्रोग्रॅम लिहिला होता. प्रत्येक पेशंटच्या रिपोर्टची वेगळी टॅब. नवा नमुना आला की नवी टॅब उघडायची आणि आपोआप पुढे यायची. या 'आपोआप'चं त्याला फार कौतुक.

सकाळी एकाची साखर दुसऱ्याच्याच रिपोर्टवर गेली. लॅबच्या डॉक्टरांनी निनादला फोन केला. "कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो," तो म्हणाला. डॉक्टरांनी टाइप करणाऱ्या जरीनाताईंना तिथल्या तिथे घरी पाठवलं.

"त्या म्हणे रडत होत्या. मी बरोबरच टाइप केलं, म्हणत होत्या. आता सगळे असंच म्हणतात, बाई!"

नुकतंच लग्न होऊन गावात आलेली मी, क्लासातली नवी विद्यार्थिनी, शेजारच्या स्क्रीनवर नजर खिळवून बसले. काही ऐकू न आल्यासारखं बसणं नव्या सासरी लवकर जमतं.

"कागद घे," बाई म्हणाल्या. "पूर्ण नाव लिही."

"माझं?"

"तुझंच."

तो लिहू लागला. बाईंनी अलगद दुसरा कागद त्यावर सरकवला. पेन चालूच होतं. मग तिसरा.

"बाई, लिहू तरी द्या!"

"लिही की. मी काय हात धरलाय?"

निनादने पेन ठेवलं. पहिल्या कागदावर त्याचं नाव. दुसऱ्यावर वडिलांचं. आडनाव तिसऱ्यावर, तेही अर्धंच.

"अक्षर कुणाचं?"

"माझं..."

"मग चूक?"

...

त्याचे कान लाल झाले. मान वर होईना. एकदम त्याने लॅपटॉप ओढला.

"टॅब मागेच उघडू दे. त्यांनी क्लिक केलं तरच पुढे येईल. एक ओळ काढायची, बाई, एकच ओळ..."

बाईंनी लॅपटॉप मिटला.

...

"डॉक्टरांना फोन करतो," तो हळूच म्हणाला. "चूक माझी होती म्हणून सांगतो."

"आणि जरीनाला?"

"घरी जातो त्यांच्या." तो उठला. दारापर्यंत गेला, तिथेच थांबला. "पण बाई... त्यांना सांगू काय?"

बाईंनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले.

"आधी ती बोलेल. तिचं पुरं होईपर्यंत तू पुढे येऊ नकोस."