राज्याभिषेकाचं माप

तांबडगडच्या राजवाड्यातले चाकर त्या सकाळी दरबाराच्या दाराशी घोळका करून उभे होते आणि आत जायला कुणीच तयार नव्हतं. महागाई फार झाली होती, वेतन वाढवून मागायचं होतं. पण मागायचं कुणी? आचारी म्हणाला, माहुतानं. माहूत म्हणाला, झाडूवाल्यानं. शेवटी सगळ्यांनी मिळून सगुणा शिंपिणीला पुढं ढकललं. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जलद चालते, हे अख्ख्या गडाला ठाऊक होतं.

सगुणानं मुजरा केला.

"सरकार, डाळ तिप्पट झाली, तेल दुप्पट झालं. माझ्या घरात खाणारी तोंडं पाच. आमटी इतकी पातळ व्हते की पोरं तिच्यात आपलं तोंड बघत्यात! वेतनाचं कायतरी करा."

राजे गुणाजीराव लोडाला टेकून पेढे खात होते. माणूस मनानं वाईट नव्हता, पण एकदा हट्टाला पेटला की विझवायला विहीर पुरायची नाही.

"वेतन राज्याभिषेकाच्या दिवशी ठरलं," राजे म्हणाले, "आणि त्या दिवशी ठरलेलं तांबडगडात बदलत नाही!"

"त्याला वीस वर्सं झाली, सरकार."

"मग? इतकी वर्षं पुरलं, ते आताच कसं पुरेना? जरा पोटाला चिमटा घ्या!" राजांनी आणखी एक पेढा तोंडात टाकला.

"घेतला असता सरकार, पण चिमट्यात धरायला पोट तरी हाताला लागाया हवं!"

राजांचा पेढा गालातच राहिला.

"फार बोलतेस! बरं, ऐक. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी मला जरीच्या किनखापाचा अंगरखा हवा. राज्याभिषेकाच्या वेळी कापडाला दहा रुपये दिले होते, आताही दहाच मिळतील. कापड अस्सल हवं, कुठं जोड नको आणि पदरची दमडी घालायची नाही. जमलं तर साऱ्या चाकरांचं वेतन वाढवीन. नाही जमलं, तर सुई-कात्री इथं ठेवायची आणि घरी बसायचं!"

नवरा गेल्यापासून सगुणाचं घर त्या सुईवरच चाललं होतं. सुई गेली तर पातळ आमटीही जाणार! तिनं राजांकडं पाहिलं, मग पेढ्यांच्या ताटाकडं पाहिलं, आणि अगदी गरीब चेहरा करून विचारलं,

"म्हंजे समदं राज्याभिषेकाच्या दिसापरमाणंच ना, सरकार? पैका बी त्योच, रीत बी तीच, माप बी तेच?"

"सगळं तेच! तसूभरही फरक नको!"

कारभारी दाजीबा दोनदा खोकले. पण रागावलेल्या राजाला खोकल्यातला इशारा कुठला कळायला!

सगुणा बाजारात गेली. व्यापाऱ्यानं दहा रुपये पाहिले आणि हसला.

"बाई, तेव्हा एवढ्यात दहा हात किनखाप यायचा. अंगरखा होऊन शेला निघायचा, वर गादीला खोळ! आता येतील चार हात."

"चार द्या."

"चार हातांत राजेसाहेबांची एक बाही होईल!"

"तुमी कापड मोजा, बाह्या मी मोजते!"

तिथून ती कारभाऱ्यांकडं गेली. राजवाड्यात माप घ्यायची एक जुनी रीत होती. एक लांब दोरा घ्यायचा आणि खांद्याला, छातीला, कमरेला लावून त्याला गाठी मारायच्या. दर दसऱ्याला नवा दोरा. पण राज्याभिषेकाचा दोरा, सगुणाच्या सासऱ्यानं गाठी मारलेला, चांदीच्या डबीत घालून जामदारखान्यात ठेवला होता. सगुणानं तोच मागितला. कारभाऱ्यांनी तो लगेच काढून दिला. देताना ते मिशीत हसले.

दसरा उजाडला. दाराशी हत्ती सजला, ताशे वाजू लागले, दरबार गच्च भरला. सगुणानं तबकावरचा रुमाल काढला. अंगरखा असा झळाळत होता की सगळ्यांनी "वा!" म्हटलं. कुठं जोड नाही, टाका दिसत नाही!

राजांनी बाहीत हात घातला. हात कोपरापाशी अडकला. दोघा हुजऱ्यांनी ओढून ताणून अंगरखा कसाबसा अंगात चढवला, पण समोरचे बंद काही एकमेकांना भेटेनात.

"हा काय चावटपणा!" राजे ओरडले. "हा कुणाच्या मापाचा?"

"सरकारांच्याच. ह्यो बघा राज्याभिषेकाचा दोरा, गाठ न् गाठ जुळवून घ्या."

"अगं, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो! माणूस वीस वर्षांत वाढणार नाही?"

"वाढणारच की, सरकार! माणूस वाढतो, तशी डाळ वाढली, तेल वाढलं, माझी पोरं बी वाढली. सरकारांना दर दसऱ्याला नवा दोरा लागतो, आन् आमी मातर वीस वर्सं जुन्याच गाठीत बसतोय!" मग तिनं हात जोडले. "तरी अंगरखा बसंल, सरकार. जरा पोटाला चिमटा घ्या!"

राजांनी आपल्या पोटाकडं पाहिलं, न भेटणाऱ्या बंदांकडं पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसले ते असे की बगलेतली शिवण टर्रकन उसवली!

"दाजीबा! आजपासून सगळ्यांचं वेतन बाजारभावानं! आणि पुढं दर दसऱ्याला माझं माप घेतील, त्याच दिवशी वेतनाचंही नवं माप घ्यायचं. सगुणाच्या घरी दोन पोती डाळ पाठवा. तिच्या आमटीत आता तोंड दिसता कामा नये!" मग डोळे पुसत ते म्हणाले, "पण सगुणे, हत्ती दाराशी उभा आहे. मी आता घालू काय?"

सगुणानं ओच्यातून गेल्या दसऱ्याच्या मापाचा नवाकोरा अंगरखा काढला.

"साधं कापड उधारीवर आणून शिवून ठेवलाय, सरकार. ह्याचे पैसे तेवढे आजच्या भावानं द्या!"

राजांनी तो घातला. बंद जेमतेम भेटले.

"यंदा बी वाढलात, सरकार," असं म्हणत सगुणानं कमरेचा दोरा सोडला. "हात वर करा!"