कोल्होबांचा एक नंबर तंबू

फार पूर्वी, जनावरांनाही घरच्या बिळाचा कंटाळा येऊ लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. कोल्होबा तंबू विकायचे. कापड कोळ्याच्या जाळ्याचं, खुंट्या गवताच्या काड्यांच्या आणि किंमत हत्तीलाच परवडेल अशी.

"एक नंबर माल! डोळे झाकून घ्या," असं साडूंनी छातीठोकपणे सांगितलं, म्हणून मुंगूसरावांनीही तंबू घेतला. बायकोपोरांसह ते पठारावर मुक्कामाला गेले. तंबूत शिरताच त्यांना शिंक आली आणि त्या शिंकेसरशी तंबू उडून करवंदीच्या जाळीत जाऊन पडला. पोरं उघड्यावर कुडकुडली.

सकाळी ते साडूंवर धावून गेले. "तुमचा तंबू टिकला तरी कसा?"

"कुठला टिकतोय! माझाही उडाला."

"मग एक नंबर का म्हणालात?"

"मलाही घुशीने हेच सांगितलं होतं. एवढी किंमत मोजून मी एकट्यानेच मूर्ख ठरायचं का?"

"शोभतं का हे तुम्हाला?" असं म्हणून मुंगूसराव तरातरा निघाले.

वाटेत पोरांचं लटांबर घेऊन ससा भेटला. "मुंगूसराव, कोल्होबांचा तंबू कसा आहे हो? पोरं पठारावर जायचं म्हणतायत."

मुंगूसरावांनी शेपटीतला करवंदीचा काटा हळूच उपटला. छाती फुगवली. "एक नंबर! डोळे झाकून घ्या."

कोल्होबांना जाहिरात कधी करावीच लागली नाही.